सव्वीस दिवसांचा काळा पडदा

७ जानेवारी, मंगळवार

गेला! वाचनालयाचा कॉम्प्युटर गेला.

म्हणजे पुरता गेला असता तर परवडलं असतं, एकदाच रडून मोकळे झालो असतो. बटण दाबलं की पंखा फिरतो, कंपनीचं नाव येतं, आपल्या लिनक्सचं चक्र गरगर फिरतं, आणि आता आत शिरणार तोच — पडदा काळा ठिक्कर. मॉनिटर ‘सिग्नल नाही’ म्हणतो आणि डोळा मिटून घेतो. पाच वेळा बंद-चालू केला. पाचही वेळा तेच.

प्रेमदासन मागे उभा होताच. नाक्यावर त्याचं फ्लेक्स बोर्डांचं दुकान. वाचनालयाचा सहसचिव, आणि गेल्या निवडणुकीत सचिवपदासाठी माझ्यासमोर तीन मतांनी पडलेला. ती तीन मतं अजून त्याच्या घशात अडकलेली आहेत. म्हणाला, “काय मास्तर, फुकट ते पौष्टिक म्हणायचात ना? मेलं की तुमचं लिनक्स!”

मी म्हटलं, “लिनक्स मरत नाही. फार तर रुसतं.”

“मग काढा समजूत! फुटबॉलची पोस्टरं अर्धवट राहिलीत. गुरुवारी पहिली मॅच आहे.”

याच्या स्वतःच्या दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. पण वाचनालयाच्या क्लबचं काम वाचनालयाच्या मशीनवरच व्हायला पाहिजे, असा याचा बाणा. वीजबिल वाचनालय भरतं ना!

तेवढ्यात हफ्सत आली. नेहमीसारखी खुर्चीच्या पाठीला हात लावून बसली, कानात इअरफोन घातले, दोन-चार बटणं दाबली. म्हणाली, “मास्तर, मला तर बोलतोय.”

सगळे हसले. मीही हसलो. हफ्सतला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर तिच्या कानात वाचतो, आणि ती नुसत्या कीबोर्डवर सगळं चालवते. पडदा काळा असो नाहीतर गुलाबी, तिला काय! कोरन वैद्य, आमचे अध्यक्ष, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “मग दुरुस्त होईपर्यंत तिलाच बसू द्या. कुणाच्या तरी उपयोगी पडतंय ना.” प्रेमदासनलाही नाही म्हणायला जागा उरली नाही.

एका अर्थी बरंच झालं. एक फेब्रुवारीला तिची पीएससीची, सरकारी क्लार्कची परीक्षा आहे. वयाच्या अटीत ही शेवटची. यानंतर जन्मभर भावाच्या घरी बसून छत्र्या शिवायच्या, आणि भावजयीचे टोमणे ऐकायचे. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका मी स्कॅन करून, अक्षरं सुधारून त्या मशीनमध्ये घालून दिल्या आहेत. घरी तिच्याकडे बटणांचा फोन. माझा लॅपटॉप धाकटीने बंगळुरूला नेला. म्हणजे अभ्यास करायचा तर इथेच.

तिची वेळ पाच ते सात. कागदावर! पंधरा दिवस झाले, पोस्टरवाले खुर्ची सोडत नाहीत. “ताई, पाचच मिनिटं हं.” ती बाकावर बसून राहते. परवा मला म्हणाली, “मास्तर, तुम्ही सचिव आहात, एक शब्द बोला ना.” पटावर माझा वजीर अडकला होता. म्हटलं, “बघतो गं. तोवर जरा सांभाळून घे.” काल शेवटची दहा मिनिटं मिळाली बिचारीला.

उद्या केबल बदलतो. एका दिवसाचं काम आहे.

८ जानेवारी

केबल बदलली. काळा.

शाळेतून दुसरा मॉनिटर आणला, स्कूटरवर, तंकमणीच्या मांडीवर ठेवून. काळा. तंकमणी म्हणाली, “लग्नात मला मागे बसवून आणलंत तेव्हा एवढं जपून चालवली नव्हती.”

९ जानेवारी

काळा. पहिली मॅच झाली. पोस्टरशिवाय गर्दी तेवढीच.

१० जानेवारी, शुक्रवार

आज एक गोष्ट कळली. तीन बटणं एकदम दाबून मशीनच्या नुसत्या अक्षरांच्या खोलीत गेलं की सगळं स्वच्छ दिसतं. काळ्यावर पांढरी अक्षरं, टिपटॉप. म्हणजे तळघरात दिवा आहे आणि दिवाणखान्यात अंधार. मी मोठ्याने म्हटलं, “सापडला! चित्रं काढणारा ड्रायव्हर बिघडलाय.”

“कुठला ड्रायव्हर?” वैद्य म्हणाले. “बसचा?”

ड्रायव्हर काढला, परत घातला. जुना घातला. नवा घातला. शेवटी पडद्याची मांडणी सांगणारी फाईल स्वतःच्या हाताने लिहिली, पन्नास ओळी, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. चालू केला. आता तळघरातलाही दिवा गेला! चुपचाप फाईल पुसली. तळघर परत आलं. कुणी पाहिलं नाही असं वाटतंय.

हफ्सत खुर्ची मोकळी व्हायची वाट बघत बाकावर बसली होती. आज तिचा पाऊण तास मी खाल्ला. उद्यापासून माझं काम सातनंतर.

११ जानेवारी

इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या चौकात प्रश्न टाकला. जर्मनीतल्या एकाने लिहिलं, आधी माहितीपुस्तक वाचा. हा यांचा आशीर्वाद! दुसऱ्या एकाने लिहिलं, नवीन खातं उघडून त्यातून आत शिरून बघा. अरे बाबा, सतरा वर्षं लिनक्स वापरतोय, शाळेच्या लॅबमधली तीस मशीनं एकट्याने सांभाळतो. एवढं साधं असतं तर विचारलं असतं का? उत्तर दिलं नाही त्याला.

१२ जानेवारी, रविवार

पेनड्राइव्हवर दुसरं लिनक्स घेऊन मशीन त्याच्यावरून चालू केलं. पडदा लख्ख! रंग, चित्रं, सगळं. म्हणजे मॉनिटर चांगला, मशीन चांगलं. रोग आत, आपण बसवलेल्या लिनक्समध्येच. मला आनंद झाला.

प्रेमदासनला माझ्याहून जास्त झाला. “म्हणजे फॉरमॅट मारायचा, संपलं! अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडे विंडोजची सीडी आहे.”

“चोरीची.”

“चालते तर!”

त्याला सांगितलं, फॉरमॅट म्हणजे हफ्सतचं सगळं पुसून टाकणं. नोट्स काढून ठेवता येतील. पण ते बोलणारं मशीन? तिला मल्याळममध्ये नीट वाचून दाखवेल, आकडे, वर्षं, कंस बरोबर उच्चारेल असं ते बसवायला मागच्या वेळी मला आणि तिला मिळून दोन महिने लागले. नव्या आवृत्तीत ते मुकं झालं तर? परीक्षेला वीस दिवस राहिलेत.

म्हणाला, “मास्तर, एकीसाठी तीनशे सभासद अडवणार? लोकशाही आहे की नाही?”

याच्या तोंडी लोकशाही! हसू आलं.

१४ जानेवारी, मंगळवार

आज एकदाचा सोक्षमोक्ष लावतो. नुसता ड्रायव्हर नाही, लिनक्सचा अख्खा गाभाच नवा घालतो.

१४ जानेवारी, घरी आल्यावर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गाभा उतरत होता, पंच्याहत्तर टक्के, ऐंशी टक्के, आणि मग इंग्रजीत लाल अक्षरं — जागा संपली. मी म्हटलं, संपू दे, होईल काहीतरी. बंद केला, चालू केला. आता पडदा बिडदा सोडाच, मशीन दारातच आडवं पडलंय. चार ओळी येतात, शेवटी ‘घाबरलो’ अशा अर्थाचं काहीतरी लिहून येतं आणि गप्प. मशीन घाबरलं! आणि मी?

घरी कुणाला बोललो नाही. उकडलेला कप्प्याचा कंद आणि तारलीचं कालवण होतं. जेवण गेलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

पाच वाजता हफ्सत आली. मी आधीच जाऊन बसलो होतो, म्हटलं ती यायच्या आत उठवतो. नाही उठलं. तिने इअरफोन घातले, बटण दाबलं, वाट बघितली. परत दाबलं.

“मास्तर, बोलत नाही.”

“अगं ते जरा…”

“पंखा फिरतोय. पण बोलत नाही.”

“माझ्याकडून काल थोडं बिघडलं.”

रडली असती, भांडली असती तरी चाललं असतं. कीबोर्डवर हात तसेच ठेवून बसून राहिली. मग एकदम म्हणाली, “तुम्ही कशाला त्याच्या पाठीमागे लागलात? चालत होतं ना!” आवाज एवढा चढला की कॅरमवाल्यांनी सोंगट्या थांबवल्या. मला सतरा वर्षांत शाळेच्या हेडमास्तरांनी एवढं सुनावलं नसेल.

मग हळूच म्हणाली, “माझं सगळं आत आहे?”

म्हटलं, “आहे.” मला खात्री नव्हती. खोटं बोललो.

भिंतीला हात लावत निघून गेली. प्रेमदासन दारातच होता. आज त्यानेही टोमणा मारला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ जानेवारी

शाळेला रजा टाकली. कारण — पोटदुखी. खोटं म्हणता येणार नाही.

पेनड्राइव्हवरून मशीनच्या आत शिरलो. सर्वांत आधी तिचा फोल्डर. आहे! सगळा आहे! एक हजार एकशे सहा फायली. खुर्चीतच मान टाकून दोन मिनिटं बसलो. त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून घेतली. हे मी सात तारखेला करायला हवं होतं. गाढव आहे मी.

मग रोग शोधला. गाभा ठेवायची एक वेगळी छोटी खोली असते. त्यात जुने गाभे साठलेले — चौदा! दर वेळी नवा घातला, जुना काढला नाही. गेल्या सहा वर्षांचे. आमच्या माळ्यावरही असंच आहे, असं तंकमणी म्हणते. मी लॅबमधल्या मुलांना दर वर्षी सांगतो, जुनं काढा मग नवं घाला. दिव्याखाली अंधार.

१७ जानेवारी, शुक्रवार

बोलला!

बारा गाभे पुसले. अर्धवट लिहिला गेलेला नवा काढला, त्याच्या मागचा पूर्ववत केला, सुरुवातीची यादी नव्याने बनवली. बंद केला. देवाला मी मानत नाही, तरी बटण दाबायच्या आधी हात जोडले. चार ओळी, पाच, सहा — चक्र फिरलं — पडदा काळा! मी एवढ्या आनंदाने काळ्या पडद्याकडे आजवर बघितलं नव्हतं.

हफ्सतला बसवलं. इअरफोन घातले. दहा सेकंद. पंधरा.

“बोलला, मास्तर.”

“सगळं आहे का बघ.”

तिने भराभर खाली-वर केलं. “आहे.” आणि मग डोळ्यांतून जे पाणी काढलंय! कॅरमवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. वैद्यांनी पोऱ्याला पाठवून सगळ्यांना कोरा चहा मागवला. बुधवारी ओरडल्याबद्दल हफ्सत माफी मागायला लागली. म्हटलं, ओरडलीस ते कमीच ओरडलीस.

दोन संध्याकाळी गेल्या तिच्या. माझ्यामुळे.

१९ जानेवारी, रविवार

कमिटीची सभा. अकरा जण, सव्वातीन तास. विषय एक — फुटबॉलचा हिशोब. विषय दोन — कॉम्प्युटर.

आमच्या गावात गटार तुंबलं तरी ठराव होतो. पण मशीन फॉरमॅट करावं की नाही यावर सूचक, अनुमोदक, दुरुस्ती आणि दुरुस्तीला उपदुरुस्ती, हे पृथ्वीवर दुसरीकडे कुठे होत नसावं. प्रेमदासनचा ठराव — ताबडतोब फॉरमॅट. वाचनालयाच्या वर्धापनदिनाची पत्रकं छापायचीत, तीनशे सभासद खोळंबलेत, सचिव बारा दिवस खेळत बसलेत. यातलं खोटं काहीच नव्हतं.

वैद्यांनी विचारलं, “फॉरमॅट म्हणजे नेमकं काय?”

मी म्हटलं, “पोट साफ करणं. आत जे असेल ते सगळं बाहेर.”

“म्हणजे विरेचन.” वैद्य दाढी खाजवत म्हणाले. “परीक्षेच्या तोंडावर पोरीला विरेचन देऊ नये. अशक्तपणा येतो.”

सगळे हसले, पण मतं हसण्यावर पडत नाहीत. मी बोटांवर मतं मोजली. फॉरमॅटच्या बाजूने सात. हरलो होतो. हफ्सत पलीकडच्या खोलीत होती, कीबोर्डचा आवाज येत होता.

म्हटलं, “मला एक फेब्रुवारीपर्यंत वेळ द्या. दोन तारखेला मी स्वतः फॉरमॅट करतो. विंडोज घालायचं तर तेही घाला.”

हे वाक्य मी बोललो! मी! विंडोज घाला! माझ्या शर्टावरचा पेंग्विनचा बिल्ला त्या वेळी गळून पडायला हवा होता.

प्रेमदासन हसला. “का म्हणून? मास्तरांना दुरुस्त करता येतंय म्हणून थांबलो होतो ना आपण? येतंय का?”

“नाही.”

“मग तसं लिहा. सभेच्या वृत्तांतात. सचिवांना कॉम्प्युटर दुरुस्त करता येत नाही, हे त्यांनी मान्य केलं. मग थांबतो मी दोन तारखेपर्यंत.”

वृत्तांत सचिवच लिहितो. म्हणजे मीच. सगळे माझ्या पेनकडे बघताहेत. लिहिलं. माझ्या सुवाच्य अक्षरात, तारीख-वार घालून. खाली सही. प्रेमदासनने वाचून बघितलं, म्हणाला, “‘मुळीच येत नाही’ असं हवं होतं.” मुळीच पण घातलं.

घरी येऊन तंकमणीला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, “त्यात काय, खरंच आहे ते.” मग हात पुसून तांदळाच्या पिठाचा पुट्टू वाढताना दोन केळी जास्त ठेवली.

२० जानेवारी

लॅबमध्ये नववीतल्या एकाने हात वर करून विचारलं, “सर, लॅबचा कॉम्प्युटर बिघडला तर आता प्रेमदासनदादांना बोलवायचं का?” बातमी दीड किलोमीटर एका रात्रीत!

२३ जानेवारी

सातनंतर अजून खटपट चालू आहे, चोरून. पडद्याची वारंवारता बदलून बघितली. मशीन सुरू होताना द्यायच्या सूचना बदलून बघितल्या. एका चिनी माणसाने सांगितलेला उपायही केला, त्याने पंख्याचा आवाज तेवढा वाढला. काळा तो काळाच. हरलो म्हणून सही केली आहे तरी सोडवत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज साडेसहाला हफ्सतजवळ खुर्ची ओढून बसलो. एक इअरफोन मागून घेतला. मशीन तिच्या कानात ज्या वेगाने बोलतं तो ऐकून मी उडालोच! कढईत मोहरी तडतडावी तसं. एक शब्द कळला नाही. ती मजेत ऐकत होती.

“एवढ्या वेगाने?”

“हळू केलं तर झोप येते, मास्तर.”

म्हटलं, चल, एक गणित. एकशे वीस मीटरची रेल्वे ताशी बहात्तर किलोमीटर वेगाने…

“पूल पार करायला किती सेकंद?”

“पंधरा. तर पुलाची लांबी…”

“एकशे ऐंशी मीटर.” मी अजून ‘लांबी’च्या अनुस्वारावर होतो. “बहात्तर म्हणजे सेकंदाला वीस. पंधरा विसा तीनशे. गाडी वजा करा. मास्तर, तुम्ही गणिताचे ना?”

डिसेंबरात ती सराव परीक्षेत शंभरात चौपन्नला अडकलेली होती. काल एक्क्याऐंशी. सतरा दिवस सलग दोन-दोन तास मिळाले, त्याचा हा परिणाम — माझे दोन दिवस वजा जाता. हा हिशोब करताना बरं वाटलं, आणि मग वाईट वाटलं. खुर्ची मिळाली तर ही बाई एवढं करू शकते! आणि आम्ही तिला बाकावर बसवून पोस्टरवर चेंडू हिरवा असावा की लाल यावर वाद घालत होतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. वैद्यांचं भाषण चाळीस मिनिटं. प्रेमदासन कानाशी येऊन म्हणाला, “मास्तर, सीडी काढून ठेवलीय हं, पुसून.”

२९ जानेवारी, बुधवार

हफ्सतची निघायची वेळ चुकवायची नाही, म्हणून सात वाजता मी दारामागेच उभा होतो — मशीन लगेच ताब्यात घ्यायला. तिला माझ्या चपलांचा आवाज कळला.

“मास्तर, रोज सातनंतर तुम्ही काय करता?”

“काही नाही गं. पडद्याचं बघतो.”

“अजून?”

“अजून.”

ती दोन पावलं गेली, परत वळली. मग म्हणाली, “तो पडदा राहू द्या हो. तुम्हाला मधुमेह आहे, वेळेवर जेवा.” तंकमणीने हिला फितवलंय की काय!

३१ जानेवारी

उद्या परीक्षा. आज तिने अभ्यास केला नाही. इअरफोन काढून नुसती बसून होती. सात वाजता स्वतःच मशीन बंद केलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जुनी माणसं गोठ्यातून निघताना म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी रिक्षा केली — ती, तिचा भाऊ, मी. लेखनिक म्हणून आलेली मुलगी बारावीतली, हफ्सतपेक्षा तीच जास्त घाबरलेली. हफ्सतने तिला सांगितलं, “मी सांगेन तो गोल काळा करायचा. डोकं चालवायचं नाही.”

मी फाटकाबाहेर दीड तास चकरा मारल्या. माझ्या स्वतःच्या पोरींच्या परीक्षेला मी कधी फाटकापर्यंतही गेलो नव्हतो.

बाहेर आली ती हसतच आली! ब्याण्णव प्रश्न सोडवले. त्यातले सहा अंदाजाने, बाकीचे पक्के. एवढे पक्के असतील तर यादीत नाव येणार. येणारच! भाऊ विश्वास बसत नसल्यासारखा बघत होता. माझं काय झालं सांगता येत नाही, रस्त्यातच डोळे पुसायला लागलो. ती म्हणाली, “मास्तर, नाक ओढताय तुम्ही. सर्दी झाली का?”

पोरोटा खाल्ला तिघांनी. परत येताना रिक्षात हळूच म्हणाली, “उद्या फॉरमॅट करणार ना?”

“करावाच लागणार. सही केलीय. पण तुझं सगळं आधी काढून घेतो, काळजी करू नको.”

“माझ्या फोल्डरमधल्या लपलेल्या फायलीसुद्धा घ्या. एकही सोडू नका. आणि घ्यायच्या आधी वाचा.”

म्हटलं, घेतो. वाचायच्या कशाला, ते कळलं नाही. दमलोय. झोपतो.

२ फेब्रुवारी, रविवार

नऊला वाचनालय उघडलं. प्रेमदासन सीडी घेऊन अकराला येणार होता.

हफ्सतच्या लपलेल्या फायली उघडल्या. मशीन सुरू झाल्यावर जी कामं आपोआप करायची त्या यादीत एक फाईल. सहा जानेवारीची. आत एकच हुकूम — पडदा बंद कर. मीच शिकवला होता तिला, वीज वाचते म्हणून. आणि त्याच्या वर मल्याळममध्ये टीप:

“मास्तर, ही ओळ खोडली की पडदा लागेल. तुम्ही उद्याच शोधून काढाल. पण उद्याची एक संध्याकाळ तरी मला बसू द्या.”

ओळ खोडली. पडदा लागला.

एक संध्याकाळ! माझ्याकडे मागितली होती तिने, तेव्हा मी बुद्धिबळ खेळत होतो.